वर्गात काय शिकवायचं आणि स्क्रीनवर काय सोडायचं? (नववी, मराठी माध्यम, कळवा)

खडूफळा

नमस्कार मंडळी. मी कळव्यातल्या एका अनुदानित मराठी शाळेत विज्ञान आणि गणित शिकवते. नववीचा वर्ग, पट साठच्या घरात, दुपारचं अधिवेशन. वर्गात आता भिंतीएवढा इंटरॅक्टिव्ह पॅनल आलाय आणि वरून निरोप आहे की डिजिटल वापर वाढवा. वाढवा म्हणजे नक्की काय करा, हे कुणी सांगत नाही. वापराचा फोटो ग्रुपवर पडला की वापर झाला, असा एकंदर मामला.

कोविडातल्या ऑनलाइन शाळेची उजळणी इथे नको, ती सगळ्यांची करून झालीय. माझा प्रश्न आत्ताचा आहे. शाळा रोज भरते, मुलं समोर बसलेली असतात आणि हाताशी पॅनल, सरकारचं दीक्षा अ‍ॅप, पुस्तकातले क्यूआर कोड, यूट्यूब सगळं आहे. मग कोणती गोष्ट तोंडाने आणि खडूने शिकवायची, आणि कोणती पडद्यावर सोडायची?

सगळीकडे एकच सल्ला मिळतो: व्हिडिओ घरी बघायला द्या, वर्गात उदाहरणं सोडवून घ्या. २००७ मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात बर्गमन आणि सॅम्स या रसायनशास्त्राच्या दोन शिक्षकांनी ही उलटी पद्धत गाजवली. वर्ग चुकलेल्या मुलांसाठी त्यांनी तास रेकॉर्ड करायला सुरुवात केली आणि त्यातून ती वाढली. कल्पना झकास आहे. पण आमच्याकडे घरात फोन एक, तो बाबांकडे, आणि बाबा महापे एमआयडीसीतून किंवा रिक्षा लावून घरी येतात रात्री साडेनऊला. त्यानंतर त्या फोनवर तीन भावंडांचा हक्क. दुसऱ्या दिवशी वर्गात ज्यांनी व्हिडिओ पाहिलाय ती मुलं कंटाळतात, ज्यांनी नाही पाहिला ती खाली बघतात, आणि मी तोच भाग पुन्हा शिकवते.

म्हणून यंदा 'धाराविद्युत'ला सगळं डिजिटल शाळेच्या वेळेतच घेतलं. पस्तीस मिनिटांत काही होत नाही, म्हणून मराठीच्या बाईंशी अदलाबदल करून जोडतास मिळवला. वर्गाचे तीन गट केले. एक पॅनलपाशी, तिथे कोलोरॅडो विद्यापीठाचं 'फेट' सिम्युलेशन (म्हणजे पडद्यावरचा आभासी प्रयोग; मोफत आहे, मराठीतही आहे, आणि एकदा उतरवून घेतलं की इंटरनेट लागत नाही). दुसऱ्या गटाकडे सेल, वायर आणि टॉर्चचे दिवे. तिसरा गट वही घेऊन माझ्यापाशी. ठरावीक वेळाने गट फिरायचे.

सुरू करण्याआधी सगळ्यांना एकच प्रश्न दिला होता. दोन सारखे दिवे एकसर जोडणीत, म्हणजे एकामागोमाग एक जोडलेले आहेत. दुसऱ्या दिव्यातून जाणारी विद्युतधारा पहिल्याइतकीच, कमी, की जास्त? बहुतेक वर्ग म्हणाला, कमी. कारण? "पहिला दिवा थोडा करंट खाणार ना बाई." पॅनलवरच्या गटाने दोन्ही दिव्यांच्या मागेपुढे अँमीटर (धारा मोजायचं यंत्र) लावून पाहिला, आकडा सगळीकडे तोच. पण त्यांचा विश्वास बसला नाही. "कॉम्प्युटरमध्ये तसं सेट केलेलं असेल."

तिकडे खऱ्या दिव्यांच्या टेबलावर दुसरा दिवा चक्क मंद पेटला. "बघा बाई!" दुकानातले टॉर्चचे दिवे कुठे अगदी एकसारखे असतात? पण एका मुलीने कुणी न सांगता दोन्ही दिवे काढून जागा बदलल्या. आता मंद दिवा पहिल्या जागी, आणि तिथेही मंदच. म्हणजे दोष जागेचा नाही, दिव्याचा. ती आपल्या गटाला हे समजावत असताना पॅनलवरची मुलं उठून तिच्या टेबलाभोवती गोळा झाली आणि माझं गटांचं वेळापत्रक तिथेच कोलमडलं. कोलमडू दिलं.

तर मला अडलेलं हे आहे: सिम्युलेशन आधी द्यावं की प्रत्यक्ष प्रयोग आधी? आणि असं दर धड्याला करायचं ठरवलं तर अभ्यासक्रम कधी संपवायचा? अ‍ॅपची नावं नकोत, ती भरपूर मिळतात. अनुभव हवेत.

दिघा_लोकल

वाचतोय. आमच्या शाळेत पॅनल समोरच्या भिंतीवर आणि प्लग पॉइंट मागच्या भिंतीत आहे. सध्या एवढंच योगदान.

नेरूळचा_मास्तर

बाई, दिव्यांची जागा बदलणाऱ्या मुलीला माझ्याकडून शाबासकी सांगा. आमच्याकडे अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला येणाऱ्या मुलांतही 'करंट खाल्ला'वाले निघतात, आणि बारावीला भौतिकशास्त्रात चांगले गुण घेऊन आलेले असतात.

आमच्या बाजूची गोष्ट सांगतो. मे २०२१ मध्ये यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) मिश्र पद्धतीवर एक टिपण काढलं: विषयाचा ४० टक्क्यांपर्यंत भाग ऑनलाइन शिकवता येईल, उरलेला ६० टक्के समोरासमोर. टिपणाचा सूर बरा होता, पण खाली झिरपताना त्याचा अर्थ झाला 'शनिवारचे तास झूमवर'. फळ्यासमोर जे तासभर बोलायचं तेच कॅमेऱ्यासमोर तासभर बोलायचं. मुलं जॉइन होतात, कॅमेरा बंद, माइक बंद, आणि हजेरी शंभर टक्के. ऑनलाइनचा फायदा नाही आणि वर्गाचाही नाही.

मी काय करतो ते सांगतो. व्हिडिओ सहा मिनिटांच्या वर जाऊ देत नाही. एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या संकेतस्थळावरच्या लाखो व्हिडिओ-सत्रांचा एक अभ्यास २०१४ मध्ये आला होता. व्हिडिओ कितीही लांब असो, माणसं साधारण सहा मिनिटांपुढे टिकत नाहीत असं त्यात दिसलं. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट होती जी मला जास्त महत्त्वाची वाटते: नुसत्या स्लाइडवर बोलण्यापेक्षा हाताने लिहीत, काढत समजावलेले व्हिडिओ मुलं जास्त वेळ बघतात.

दुसरं म्हणजे व्हिडिओसोबत एक प्रश्न, ज्याचं उत्तर व्हिडिओत थेट दिलेलं नाही. उत्तरं आदल्या रात्री फॉर्मवर येतात. सकाळी ठाणे–नेरूळ लोकलमध्ये मी ती चाळतो आणि तास कुठून सुरू करायचा ते तिथे ठरतं. ज्या मुद्द्यावर सगळे बरोबर, तो वर्गात घ्यायचाच नाही. हे जमायला मन घट्ट करावं लागतं, कारण आपला आवडता मुद्दा वगळणं कुठल्याही मास्तरला जड जातं.

वर्गात पुढचं हार्वर्डच्या एरिक माझुर यांच्या पद्धतीने. प्रश्न टाकायचा, आधी प्रत्येकाने एकट्याने उत्तर द्यायचं, मग शेजाऱ्याशी वाद घालायचा, मग पुन्हा उत्तर. पहिल्या फेरीत ३० ते ७० टक्के मुलं बरोबर असतील तर वाद घालायला लावण्यात अर्थ आहे. त्याहून कमी असतील तर नीट शिकवा, जास्त असतील तर पुढे चला. तुमचा दिव्यांचा प्रश्न यासाठी नमुनेदार आहे.

तुमच्याकडे घरचा फोन नाही म्हणून पूर्वतयारीचा भाग तसाच उचलता येणार नाही, हे खरं. पण तासाच्या पहिल्या पाच मिनिटांत हीच चाचपणी करता येईल.

घोडबंदरची_आई

शिक्षकांचा धागा आहे तरी पालक म्हणून लिहिते. माझी मुलं कासारवडवलीजवळ इंग्रजी माध्यमात आहेत, सहावी आणि तिसरी. फोन, टॅब, वायफाय, कशाची कमतरता नाही. आणि मी वैतागलेय.

शाळेचं एक अ‍ॅप, त्यात गृहपाठ. गणिताचं वेगळं अ‍ॅप, त्यात गुण आणि बक्षिसांची नाणी. वर्गाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, त्यावर रात्री दहाला 'उद्या अमुक चार्ट आणणे'. डिजिटल गृहपाठ याचा आमच्या घरातला अर्थ असा की आईने पीडीएफ उघडायची, सोसायटीखालच्या झेरॉक्सवाल्याकडे प्रिंट काढायची, मुलाने हाताने भरायची, आईने फोटो काढून अपलोड करायचा. यात मुलाचा वाटा सगळ्यात कमी.

केंद्राने जुलै २०२० मध्ये 'प्रज्ञाता' नावाने मार्गदर्शक सूचना काढल्या होत्या. पहिली ते आठवीसाठी ३० ते ४५ मिनिटांची फार तर दोन ऑनलाइन सत्रं. तेव्हा शाळा बंद होत्या तरी ही मर्यादा! आता मूल सहा तास शाळेत बसून येतं आणि वर हे. मर्यादेचा विषय पालकसभेत काढला की 'मॅडम, आता जग डिजिटल आहे' हे ऐकवलं जातं.

आणि या अ‍ॅप्समध्ये मुलांचं नाव, फोटो, जन्मतारीख, कुठल्या प्रश्नावर किती वेळ अडलं, सगळं जातं. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती मागितली आहे. आम्हाला आली एक लिंक, 'आजच्या आज रजिस्टर करा'.

बाई, तुमचा दिव्यांचा तास वाचून हेवा वाटला. माझ्या मुलाने सर्किट फक्त स्क्रीनवर ओढून जोडलंय. वायर सोलायची असते हे त्याला माहीत नव्हतं.

झणझणीत

ताई, शेवटचं वाक्य वाचून थांबलो. माझा भाचा इलेक्ट्रिकलच्या डिप्लोमाला आहे, त्यालाही विचारून बघतो.

(अवांतर: मुसळधार पावसाच्या दिवशी पहाटे जिल्हाधिकाऱ्यांची सुट्टी जाहीर होते, त्या दिवशी ऑनलाइन तास घेणाऱ्या शाळांचं काय करावं? मूल जागं, आई कामावर, लाइट गेलेली. सुट्टीला सुट्टी राहू द्या की राव.)

जुना_फळा

मी निवृत्त शिक्षक. नौपाड्यात राहतो. माझ्या उभ्या नोकरीत शिक्षणात 'क्रांती' करणारी यंत्रे आली आणि गेली. १९७५-७६ मध्ये उपग्रहावरून खेड्यांत दूरचित्रवाणी नेण्याचा मोठा प्रयोग झाला. सहा राज्यांतली सुमारे २,४०० गावे, सकाळी मुलांसाठी कार्यक्रम. महाराष्ट्र त्यात नव्हता, पण शिक्षकांत चर्चा फार होती. पुढे आपल्याकडे मुलांसाठी शैक्षणिक कार्यक्रम बनवणारी बालचित्रवाणी आली. टाळेबंदीत सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' लागत असे. ते मी नातवाबरोबर पाहिले आणि मला ते बऱ्यापैकी आवडलेही, कारण त्यात मुलाला उठून काहीतरी करायला सांगत.

माझा आक्षेप यंत्राला नाही, वेगाला आहे. फळ्यावर सिद्धता लिहिताना एका ओळीला जो वेळ लागतो, तोच मुलाला विचार करायला मिळणारा वेळ असतो. खडू चालतो त्या गतीने मुलाची वही चालते. पॅनलवर बोट लावले की सहा ओळी एकदम उमटतात. शिक्षकाला वाटते शिकवून झाले. मुलाला वाटते समजले. दोघेही समाधानी, आणि वही कोरी.

प्रमेय, रचना, समीकरणांची उकल, हे फळ्यावरच हवे. जे फळ्यावर दाखवताच येत नाही (हृदयाचे ठोके, ग्रहणाची भूमिती, रेणूंची हालचाल) त्याला खुशाल पडदा घ्या. ग्रहण समजावताना मी आयुष्यभर चेंडू आणि बॅटरी घेऊन नाचलो आहे, तिथे मला सिम्युलेशन मिळाले असते तर आनंदाने वापरले असते.

नेरूळचा_मास्तर

गुरुजी, तुमच्या खडूच्या वेगाला त्या २०१४च्या अभ्यासाचा दुजोराच आहे. हाताने लिहीत जाणारे व्हिडिओ टिकतात ते बहुधा याच कारणाने. म्हणून मी पेन-टॅब घेतला आणि पीपीटी जवळजवळ बंद केली.

एका बाबतीत थोडा वाद घालतो. 'यंत्रे आली आणि गेली' म्हणताना आपण एकतर्फी प्रसारण आणि ही साधनं एका मापाने मोजतो. टीव्हीला मुलाचं उत्तर कळत नव्हतं. आता मला रात्रीच कळतं की चाळीस जण एकाच ठिकाणी अडलेत.

जुना_फळा

मला ते मुलांच्या चेहऱ्यावरून कळत असे. पण चाळीसपर्यंत. साठांत नाही कळत, हे मान्य.

मग एक विचारतो. मिश्र पद्धतीने मुले खरोखर जास्त शिकतात, याला पुरावा काय? की विकणारे म्हणतात म्हणून?

नेरूळचा_मास्तर

प्रश्न रास्त आहे. अमेरिकेच्या शिक्षण खात्याने २०१० मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला होता. त्यात निव्वळ वर्गापेक्षा मिश्र पद्धतीची मुलं सरस दिसली. हे वाक्य सगळी विक्रेते मंडळी स्लाइडवर टाकतात. लेखकांनी पुढे जे लिहिलं ते टाकत नाहीत: मिश्र गटांना बऱ्याचदा अभ्यासाला जास्त वेळ आणि जास्त साहित्य मिळालं होतं, त्यामुळे फरकाचं श्रेय ऑनलाइन माध्यमाला देता येत नाही. शिवाय शालेय वयाच्या मुलांवरचे अभ्यास त्यात फारच थोडे होते.

माझा अर्थ असा की पडद्यामुळे मूल शिकतं असं कुणी सिद्ध केलेलं नाही. पडद्यामुळे वर्गातला जो वेळ मोकळा होतो, त्यात तुम्ही काय करता यावर सगळं आहे. त्या मोकळ्या वेळात पुन्हा लेक्चरच दिलं तर कशाला एवढा खटाटोप.

विटावा_ते_वाशी

मी मागच्याच वर्षी बीएस्सी झालो, शाळा मराठी माध्यम. मागच्या बाकावरून लिहितो.

व्हिडिओचा सगळ्यात मोठा फायदा शिक्षकांना कधी दिसत नाही. मागे नेता येतो. वर्गात 'सर, पुन्हा सांगा' म्हणायला जी हिंमत लागते ती माझ्यात नव्हती. अकरावीला सगळं इंग्रजीत गेलं तेव्हा मी मराठी व्हिडिओ बघून धडा समजून घ्यायचो आणि मग इंग्रजी पुस्तक उघडायचो. ट्रान्स-हार्बर लोकलच्या दरवाजात उभं राहून. नेटवर्क जातं म्हणून घरून उतरवून न्यायचो.

पायथॉन मात्र मुंबई आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियलवर शिकलो. छोटे छोटे धडे, मराठी आवाजातही, आणि पद्धत अशी की एका बाजूला व्हिडिओ, दुसऱ्या बाजूला तुमची स्क्रीन. तो करतो तसं थांबवून लगेच आपण करायचं. नुसतं बघितलं तर काही येत नाही, हे तिथे पहिल्या धड्यातच कळतं.

आणि प्रामाणिकपणे: परीक्षेच्या आदल्या रात्री सगळे व्हिडिओ दुप्पट वेगाने बघितले जातात. मास्तर, तुमचे सहा मिनिटांचे तीन मिनिटांत होतात.

नेरूळचा_मास्तर

माहीत आहे रे. म्हणूनच तर प्रश्न लावतो. एनपीटीईएलच्या (आयआयटींच्या ऑनलाइन) कोर्सला आठवड्याच्या असाइनमेंटची उत्तरं टेलिग्रामवर फिरतात, तेही माहीत आहे. तिथे असाइनमेंटला २५ टक्के आणि केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेला ७५ टक्के ठेवलेत, ते उगाच नाही.

घणसोली_गुरुजी

उशिरा आलो. महापालिकेच्या शाळेत शिकवतो. माझ्या वर्गात घरी मराठी बोलणारी मुलं निम्मीही नसतील. भोजपुरी, कन्नड, बंजारा, सगळं आहे. यामुळे माझं गणित जरा वेगळं पडतं.

पॅनलबद्दल आधी. पहिलं वर्ष झकास गेलं. मग टच गेला. देखभालीचा करार संपलेला, कंपनीचा माणूस फोन उचलत नाही. आता तो मोठा टीव्ही आहे, लॅपटॉप जोडून चालवतो. म्हणून माझा नियम: ज्या साधनावाचून तास अडेल, त्या साधनावर तास उभा करायचा नाही.

माझं सगळ्यात कामाचं डिजिटल साधन म्हणजे पुठ्ठा. प्लिकर्स नावाचं आहे. प्रत्येक मुलाला एक छापील कार्ड, त्यावर काळा-पांढरा चौकोनी नमुना, क्यूआरसारखा पण जाड. कार्डाच्या चार बाजूंना ए, बी, सी, डी अगदी बारीक अक्षरांत. मुलाने आपल्या उत्तराची बाजू वर करून कार्ड धरायचं. मी माझा फोन वर्गावरून एकदा फिरवतो, कॅमेरा सगळी कार्डं वाचतो आणि कुणाचं काय उत्तर ते स्क्रीनवर येतं. मुलांकडे फोन लागत नाही. प्रत्येकाचा नमुना वेगळा आणि अक्षरं बारीक, त्यामुळे शेजाऱ्याचं बघून उपयोग नाही. हात वर करायला लाजणारी मुलगीही उत्तर देते, कारण ते फक्त मला दिसतं.

गंमत बघा. कार्डं लॅमिनेट केली तर ट्यूबलाइट चमकते आणि कॅमेऱ्याला वाचता येत नाही. लॅमिनेशन करायचं नाही, वहीच्या जुन्या कव्हरवर खळीने चिकटवायची. आणि धरताना बोटं नमुन्यावर येऊ द्यायची नाहीत, हे शिकवायलाच एक तास जातो. पोरं पहिल्यांदा कार्ड तोंडासमोर धरून हसत बसतात. बसू द्या.

नेरूळच्या सरांनी ३० ते ७० टक्क्यांचं सांगितलं, ते मी असंच करतो. साठ मुलांचं उत्तर अर्ध्या मिनिटात. मग वाद. वाद मुलं आपापल्या भाषेत घालतात, आणि मला तेच हवं असतं.

भाषेसाठी दीक्षाचा उपयोग होतो. तोच धडा हिंदीतला काढून त्या मुलांना ऐकवतो, मग मराठी पुस्तक. आपल्याच राज्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसलेंना २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, तेव्हा सगळ्यांनी क्यूआर कोडचं कौतुक केलं. पण त्यांनी मुलांना कळेल अशा भाषेत साहित्य आणलं होतं, ते लोक विसरले. कोड काय, कुणीही चिकटवेल.

महापे_आयटी

खडूफळा बाई, अ‍ॅपची नावं नकोत म्हणालात तरी एक सांगतो, कारण इंटरनेट आणि फोन या दोन्ही अडचणींना ते लागू पडतं. 'कोलिब्री' नावाची मोफत प्रणाली आहे. जुना लॅपटॉप घ्या, त्यावर ती टाका, हवं ते साहित्य एकदा चांगल्या नेटवर उतरवून ठेवा. मग एक साधा राउटर लावला की वर्गातले टॅब किंवा फोन त्या लॅपटॉपशी जोडले जातात, बाहेरचं इंटरनेट शून्य. कुणी काय पाहिलं, कोणता प्रश्न चुकला, हे शिक्षकाला दिसतं.

आमच्या ऑफिसमध्ये दर काही वर्षांनी लॅपटॉप बदलतात. जुने बऱ्याचदा भंगारात जातात. माहिती पुसून ते शाळांना देता येतात का, मी विचारतो. आश्वासन नाही, प्रयत्न.

दीक्षातलं साहित्यही उतरवून एका फोनवरून दुसऱ्या फोनवर इंटरनेटशिवाय पाठवता येतं. शाळेत एका फोनवर घ्या, तिथून पालकांच्या. पालकसभेच्या दिवशी हे काम होऊन जाईल.

क्लासवाला_नौपाडा

सगळं वाचलं. आम्ही क्लासवाले काय करतो तेही ऐका. लॉकडाऊननंतर मी सगळे तास रेकॉर्ड करून ठेवले, विचार केला की पुढल्या वर्षी अर्धी फी, अर्धे तास. पालकांनी विचारलं, "सर, तुम्ही स्वतः असणार ना?" रेकॉर्डिंग कुणालाच नको होतं. आता ती लग्नाच्या अल्बमसारखी पडून आहेत, गैरहजर मूल सोडलं तर कुणी उघडत नाही.

पण एक गोष्ट जोरात चालते. शंका. रात्री अकराला वहीचा धूसर फोटो येतो, 'सर इथे अडलंय'. मी व्हॉइस मेसेज पाठवतो, चाळीस सेकंदांचा. तो व्हॉइस मेसेज ती मुलं एकमेकांना पाठवतात. त्याच गणितावरचा माझा अख्खा तास मात्र कुणी बघत नाही. मूल अडलेलं असतं तेव्हाच त्याला उत्तर हवं असतं. आधी दिलं तर फुकट.

फक्त त्या रात्री अकराच्या कामाचे पैसे मला मिळतात. शाळेच्या शिक्षकाने ते का करावं, याचं उत्तर माझ्याकडे नाही.

घोडबंदरची_आई

हा मुद्दा कुणीतरी काढला ते बरं झालं. आम्ही पालक ग्रुपवर बाईंना रात्री मेसेज टाकतो आणि निळ्या खुणा झाल्या की उत्तराची वाट बघतो. बाईंनाही घर असतं.

खडूफळा

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढ्या नेमक्या प्रतिसादांची अपेक्षा नव्हती.

वेळेचं खरंच अवघड आहे. दिव्यांच्या त्या एका जोडतासाची तयारी माझ्या अख्ख्या रविवारात झाली, त्यात सिम्युलेशन उतरवणं, सेल आणणं आणि मराठीच्या बाईंची मनधरणी. वर शाळेत ऑनलाइन माहिती भरायची असते ती वेगळीच: यूडायस (शाळांची सरकारी नोंद), पोषण आहार, आज ही लिंक, उद्या ती. शिक्षकाच्या दिवसातला डिजिटल वेळ बहुतेक त्यातच जातो, त्यात मूल कुठेच नसतं. त्यामुळे दर धड्याला तीन गट मला शक्य नाही. सत्रात दोन-तीन धडे असे निवडेन, जिथे मुलांच्या डोक्यात आधीपासून चुकीचं काहीतरी घट्ट बसलंय. बाकी धड्यांना गुरुजींचा खडू.

घरी काही पाठवायचं तर क्लासवाल्या सरांचं पटलं. आधी व्हिडिओ नाही, नंतर पाठवायचा, आणि जिथे वर्ग अडला तेवढ्याच भागाचा. रात्री अकराला मात्र नाही. संध्याकाळी सहापर्यंत.

घणसोली गुरुजी, तुम्ही माझ्या मूळ प्रश्नाला उत्तर द्या ना. आधी सिम्युलेशन की आधी प्रयोग?

घणसोली_गुरुजी

बाई, माझा क्रम असा. सगळ्यात आधी प्रश्न, आणि मुलाने उत्तर वहीत लिहूनच काढायचं. तोंडी उत्तर नंतर फिरवता येतं, वहीतलं नाही. मग खरी वस्तू. ती वस्तू हमखास काहीतरी गडबड करते, तुमच्या मंद दिव्यासारखी. ती गडबड झाली की मुलं स्वतःच विचारतात की दिवे अगदी सारखे असते तर? त्या क्षणी सिम्युलेशन उघडायचं, कारण दोन तंतोतंत सारखे दिवे जगात तिथेच मिळतात. सिम्युलेशन आधी दिलं की मुलं म्हणतात 'तसं सेट केलंय', आणि त्यांचं चुकत नाही, तसं सेट केलेलंच असतं. शेवटी तोच पहिला प्रश्न पुन्हा कार्डांवर.

याला अपवाद म्हणजे जिथे खरी वस्तू धोक्याची किंवा फार मंद असते. तिथे आधी पडदा. आणि भिंगांना (दहावीला) मी पडदा जवळजवळ लावतच नाही. खिडकीसमोर भिंग धरून भिंतीवर समोरच्या इमारतीची उलटी प्रतिमा पाडली की मुलं जी ओरडतात! प्रात्यक्षिकाचे गुण असतातच, शिवाय किरणाकृती काढताना नंतर हात अडखळत नाही.

जुना_फळा

हा क्रम योग्य आहे. 'आधी वहीत लिहा' ही अट कोणत्याही काळात लागू.

खडूफळा

सत्रातला पुढचा असा धडा निवडला की याच क्रमाने घेते आणि इथे लिहिते. गुरुजी, त्या कार्डांची छापील प्रत मिळेल का? आमच्याकडचा प्रिंटर ओढून ओढून काळ्या पट्ट्या काढतो, नमुनाच बिघडेल.

घणसोली_गुरुजी

जुना संच आहे, तेवढी कार्डं निघतील. एक-दोन कोपरे उंदराने खाल्लेत पण नमुना शाबूत आहे. शनिवारी सकाळची शाळा सुटली की ठाण्याला येतोय, सॅटिसखाली (स्टेशनबाहेरच्या पुलाखाली) दीडच्या सुमारास. तिकीट खिडकीपाशी नको, तिथे उभंच राहता येत नाही.

दिघा_लोकल

गुरुजी, मलाही एक संच झेरॉक्सला द्या. मी पण येतो शनिवारी.

घणसोली_गुरुजी

या. झेरॉक्स गडद काढायला सांगा, आणि जाड कागदावर.